फ्लोअरचे सर

अंबरनाथच्या कुठल्याही सुपरमार्केटात डाळींच्या रांगेतून कमरेला चाव्या, हातात वॉकीटॉकी आणि नजर फळीच्या पुढच्या ओळीवर असा कुणी चालताना दिसला, की समजावं, हेच फ्लोअरचे सर. आईवडिलांनी ठेवलेलं नाव छातीवरच्या बिल्ल्यावर असतं, वापरात नसतं. ट्रॉल्या ओढता ओढता ते सर झाले. आता बदलापूरच्या चाळीतही त्यांना सरच म्हणतात, आणि नळाची भांडणं त्यांच्याकडे ‘कम्प्लेंट’ म्हणून येतात.

शटर उघडण्याआधी रोज मीटिंग. ‘ग्राहक देव आहे’ इथून सर सुरुवात करतात आणि ‘काल तेलाची पिशवी कोणाच्या सेक्शनला फुटली?’ इथे पोहोचतात. मध्ये डीमार्टची गाथा होते. कंपनी दुसरी असली तरी दाखला तोच! डीमार्टच्या दमाणींनी आधी नेरूळला अपना बाजारची फ्रँचायझी चालवली, मग २००२ साली पवईला पहिलं दुकान काढलं. मार्च २०१७ मध्ये शेअर बाजारात आले, तर २९९चा शेअर पहिल्याच दिवशी दुपटीच्या वर. “का? फेसिंग!” म्हणजे पुढचा पुडा उचलला गेला की मागचा पुढे ओढायचा, नाव गिऱ्हाइकाकडे. बाजाराची एवढी सोपी उकल दलाल स्ट्रीटवरही कुणाला सुचली नसेल.

दुसरा मंत्र फिफो. आधी आलेला माल आधी खपवायचा. घरी ताटात गरम पोळी पडली की सर विचारतात, “कालची संपली का?” वहिनी शांतपणे कालच्या चारही पोळ्या त्यांच्याच ताटात वाढतात. नियम सरांचा, मालही सरांनाच!

“या महिन्यात आपण वाढलो,” असं सर अभिमानाने सांगतात. यात ‘आपण’ म्हणजे कंपनी. सरांचा पगार त्यात धरायचा नाही. मालकांना त्यांनी कधी पाहिलेलं नाही. पण “मालकांना हे चालत नाही” हे ते इतक्या खात्रीने सांगतात, की रात्रीचं जेवण दोघं एकत्रच घेत असावेत असं वाटावं.

मंगळवारी वीकऑफ. रविवार आणि सणवार गिऱ्हाइकांचे. अशाच एका मंगळवारी वहिनींनी त्यांना उल्हासनगरच्या गजानन मार्केटात नेलं. फाळणीनंतर निर्वासित सिंध्यांच्या छावण्यांमधून १९४९ साली उभं राहिलेलं हे गाव. इथे कमी नफा, जास्त खप हे कुणी ट्रेनिंगला जाऊन शिकलेलं नाही. गादीवरच्या शेठनी साडीची घडी मोडायच्या आत दोनशे रुपये कमी केले. सर हादरले. आमच्याकडे पाच रुपये कमी करायला हेड ऑफिसला मेल जातो!

“शेठ, अप्रूव्हल कुणाचं? तुमचं रिपोर्टिंग कुणाला?”

शेठनी क्षणभर विचार केला आणि डोक्यावरच्या झुलेलाल देवाच्या तसबिरीकडे बोट दाखवलं.

सरांना ते लगेच पटलं. न पाहिलेल्या मालकाचा हुकूम पाळायची सवय त्यांनाही होतीच. फक्त यांचा मालक डिस्काउंट लगेच मंजूर करतो, एवढं त्यांनी मनात नोंदवून ठेवलं.