स्वखर्चाने दवंडी

घरातल्या गॅसचा रेग्युलेटर बदलायला ज्याला आई लागते, तो चिरंजीव सोसायटीच्या पार्किंगमध्ये अर्ध्या तासात बुलेटचा सायलेन्सर उतरवतो. साहित्य काय, तर रिंग पाना, गोटी पाना, जुनी बनियन आणि मोबाइलचा टॉर्च धरायला एक मित्र. कारखान्यातल्या इंजिनिअरांनी मोठ्या कष्टाने गप्प केलेलं इंजिन एवढ्या तयारीवर पुन्हा बोलतं होतं. बोलतं कसलं, खेकसतं.

त्या उतरवलेल्या डब्याचीही बाजू असते. तो काही शोभेची नळी नव्हे. आत कप्पे असतात, भोकं पाडलेल्या नळ्या असतात. सिलिंडरमधून सुटलेला दाबाचा प्रत्येक ठोका त्या कप्प्यांत आपटतो, परततो, मागून येणाऱ्या ठोक्याशी भिडतो आणि निम्मा दम गमावूनच बाहेर पडतो. १७५ सीसीवरच्या दुचाकीला कारखान्याचं दार ओलांडताना ८० डेसिबलची मर्यादा आहे. ती पाळायला कप्प्यांचं मापही इंजिन बघून ठरवलेलं असतं. चिरंजीव हे सगळं बाजूला ठेवून पोकळ नळी चढवतात आणि सांगतात, “आता गाडी मोकळा श्वास घेते.” घेते खरी. पण पेट्रोल किती सोडायचं हा हिशोब जुन्याच नळीचा राहतो. मग कमी वेगात गाडीची ओढ मंदावते आणि थ्रॉटल सोडला की उरलंसुरलं पेट्रोल तापलेल्या नळीत जाऊन फुटतं. मित्रमंडळात या फटफटीला ‘पॉवर’ म्हणतात.

बरं, एवढा खर्च करून ऐकायला कुणाला मिळतं? नळीचं तोंड मागे. चालवणाऱ्याच्या कानांवर हेल्मेट (घातलं असेल तर) आणि वारा. खरा फुकट लाभ तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना, दहावीच्या पोराला आणि वॉचमनच्या कुत्र्याला. निवासी भागात रात्री दहानंतर आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. पदरचे पैसे मोजून अख्ख्या गल्लीची इतकी निरपेक्ष सेवा एरवी फक्त निवडणुकीतले उमेदवार करतात.

घरी सायलेन्सर बदलणारी दुसरीही एक जात आहे. तिच्याबद्दल मला आदर आहे. हे काका गाडी काढतात ती फक्त दूध आणायला. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ तेवढंच पाणी वाफ होऊन नळीत येतं. लांब गेलं तर ते तापून निघून जातं. कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत गेलं तर आतच साचतं आणि डबा आतून गंजतो. वर क्रोम चकाचक, खाली भोक. किनाऱ्यावरच्या गावांत खारा वारा बाहेरूनही हातभार लावतो. काका मग रविवारी बसतात. इंजिन गार होऊ देतात, आदल्या रात्रीच बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवतात आणि पाना हलक्या हाताने मागे-पुढे करतात. कारण त्यांना ठाऊक असतं, की पोलादी स्टड अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये तुटला तर रविवार संपला आणि लेथवाला सुरू झाला. जुनी पॅकिंग फेकून नवी घालतात. सगळे बोल्ट आधी सैल लावून घेतात, मग हेडकडचे आवळतात, शेवटी मागचे. सुरू करण्याआधी नळीवरचे तेलकट हाताचे ठसे पुसतात, नाहीतर पहिल्याच उष्णतेला ते भाजून कायमचे बसतात. चिरंजीवांच्या नळीवर ते ठसे ओळखपरेड घेता येईल इतके स्वच्छ असतात.

कायदा झोपलेला नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच खेपेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बाद, अशी तरतूद आहे. वाचूनच घाम फुटावा. पण वर्षाकाठी न चुकता होणारी तपासणी म्हणजे पीयूसी, आणि तिथे मोजतात धूर. पीयूसीवाला नळी आत घालतो, कान बाहेर ठेवतो. बीएस-६ गाडीत विषारी वायू पचवणारा कन्व्हर्टर असतो, कुठे बेंड पाइपात, कुठे थेट सायलेन्सरच्या पोटात. तो डब्यासोबत निघून गेला असेल तर मशीन बोंबलण्याची भीती. म्हणून पीयूसीच्या सकाळी कंपनीचा डबा चढतो आणि संध्याकाळी उतरतो. घरच्या घरी सायलेन्सर बदलण्याची कला आपल्याकडे एवढी का बहरली, याचं उत्तर गॅरेजच्या मजुरीत शोधू नका.

दुकानं तर उघडी आहेतच. नळीवर बारीक अक्षरांत ‘फक्त ऑफ-रोड वापरासाठी’ छापलेलं असतं. आपले रस्ते पाहता दुकानदाराला खोटं ठरवणं अवघड आहे. अधूनमधून एखाद्या शहरात पोलिसांना स्फुरण चढतं. जप्त सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडतात, रोडरोलर फिरवतात, फोटोग्राफर गुडघ्यावर बसतात. दुसऱ्या दिवशी पेपरात चपट्या नळ्या झळकतात. ज्या काउंटरवरून त्या विकल्या गेल्या, त्यावरून रोलर फिरल्याचा फोटो मी अजून पाहिलेला नाही. कदाचित रोलर त्या गल्लीत वळत नसेल.

चपट्या झालेल्या नळीचा चिरंजीवांना फारसा शोक नसतो. कंपनीचा मूळ डबा घरच्या माळ्यावर, दिवाळीच्या आकाशकंदिलाशेजारी, प्लास्टिकमध्ये गुंडाळून जपून ठेवलेला असतो. गाडी विकायची वेळ आली की तो खाली येतो, आणि जाहिरातीत मजकूर पडतो: एकहाती वापर, कंपनी फिटिंग, आवाज नाही.