दाजींचा मेन स्विच

आमचे दाजी सेलूला राहतात. ज्युनिअर कॉलेजात ३० वर्षं पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले, म्हणजे पगार थांबला. शिकवणं चालूच आहे, फक्त आता वर्गात घरची माणसं बसतात. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण इकडे कुणी फुशारकीनं म्हणतं, कुणी टोमणा म्हणून. दाजींनी ती मनावर घेतलीय.

आधीचा नाद ॲम्प्लिफायरचा. तरुणपणी रात्रीच्या गाडीनं हैदराबादला जायचे आणि कोठीच्या गुजराती गल्लीतून ट्रान्सफॉर्मर, कंडेन्सर, ४४४० नंबरच्या आयसी घेऊन यायचे. आम्ही आक्कासाठी घर बघायला गेलो, तेव्हा पोह्यांच्या आधी वूफर दाखवला होता. आमच्या वडिलांनी वाकून आत बघितलं आणि “बरंय” म्हणाले. सोयरीक त्याच शब्दावर जमली, अशी दाजींची अजून समजूत आहे.

निवृत्तीचे पैसे आले आणि घर ‘स्मार्ट’ करायचं ठरलं. घर माळवदाचं, भिंती दोन हात जाड, पांढऱ्या मातीच्या. मे महिन्यात आत गारवा असतो तो त्यांच्यामुळेच. पण ऊन अडवणारी भिंत वायफाय कशाला सोडेल? राउटर बैठकीत आहे. सिग्नल खिडकीतून समोरच्या पानटपरीवर ठणठणीत पोचतो, आणि मागच्या स्वयंपाकघरात टिपूसभर येत नाही. चुलीवरचा एक्झॉस्ट पंखा चालू करायला दाजी मोबाइल घेऊन अंगणात, तुळशीपाशी जातात. पंख्याचं बटण आक्काच्या कोपराला लागून आहे. ते दाबायला मनाई आहे.

मग न्यूट्रल. जुन्या वायरिंगमध्ये बटणापर्यंत फेज तेवढी आणलेली असते, न्यूट्रल परस्पर दिव्याकडे जाते. साध्या बटणाला काय, तेवढ्यावर भागतं. स्मार्ट बटण मात्र दिवा बंद असला तरी स्वतः जागं असतं, त्यामुळे बहुतेकांना दोन्ही तारा लागतात. पंधरा दिवस भिंतींना झिऱ्या मारणं चाललं होतं. डाळीत माती, दुधात माती.

“एका दिव्यासाठी एवढं?” मी विचारलं.

“दिव्यासाठी नाही, पाव्हणं. न्यूट्रलसाठी.”

बोलका स्पीकर आला तेव्हा आम्ही सगळे जमलो होतो. त्याला मराठी येत नव्हतं, हिंदी येत होतं. आता परभणीकडची हिंदी ही निजामाच्या अमदानीत मुरलेली चीज आहे, ती त्या बापड्याला कुठून कळणार? दाजींची माय पंच्याऐंशीची. ती म्हणाली, “बत्ती लगाव रे बाबा.” स्पीकर गप्प. “कामून ऐकंना हे?” तिनं आम्हाला विचारलं. दाजींनी घसा साफ केला, बातम्या सांगणाऱ्यासारखे ताठ बसले आणि म्हणाले, “कृपया बैठक की बत्ती जलाइए.” दिवा लागला. आक्का दारातून बघत होती. “मला तीस वर्षांत एकदा ‘कृपया’ म्हणले असते,” ती म्हणाली, “तर मीच उठून लावला असता की.”

पण दाजींचा खरा वैरी म्हणजे गुणगुण. ॲम्प्लिफायर लावला की गाण्याच्या मागं एक बारीक ‘हूंऽऽ’ यायची. ५० हर्ट्‌झची मेन्सची गुणगुण, असं निदान झालं आणि दोष अर्थिंगवर गेला. परसात खड्डा खणला, कोळसा-मीठ भरलं. आमची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. मग तिनं तारेला धरावं तरी कसं? म्हणून रोज दोन बादल्या पाणी घालायचं आक्काकडे आलं. ती सकाळी तुळशीला पाणी घालून तशीच खड्ड्याकडे वळायची. चौथ्या दिवशी खड्ड्यावर हळदकुंकू दिसलं. सून रोज पाणी घालतेय म्हणजे काहीतरी असेल, असं मायला वाटलं होतं. गुणगुण होती तशीच राहिली.

शेवटी गणपतीत मंडपाचा साउंड लावणारा पोरगा घरी काही मागायला आला. त्यानं ऐकलं आणि ॲम्प्लिफायरमधून टीव्हीची पिन उपसली. गुणगुण बंद! केबलची वायर वेगळीकडून जमिनीला मिळत होती, ॲम्प्लिफायर वेगळीकडून. दोन्हींचा फेरा पूर्ण होऊन त्यातून करंट फिरत होता. दाजींनी त्याला चहा पाजला आणि ‘ग्राउंड लूप’ हा विषय पाऊण तास समजावून सांगितला. पोरगा कप हातात धरून उभ्यानंच ऐकत होता.

रात्री लाईट जाऊन परत आली की घरातल्या साऱ्या रिले एकदम टक-टक करून दिवे लावतात. अडीच वाजता बैठक, देवघर, न्हाणी, सगळं लख्ख. टपरीवाल्याला एकदा वाटलं, घरात कुणी गेलं. “एक सेटिंग असतं त्याला,” दाजी डोळे चोळत म्हणतात, “सापडेल.” ते सापडत नाही तोवर जागरण आहे.

त्यांचा धाकटा भाऊ शेती करतो. थ्री फेज लाईट पाळीनं, कधी दिवसा आठ तास, कधी रात्री दहा. त्यानं विहिरीच्या मोटारीला कधीचा ऑटो लावलाय. लाईट आली की मोटार आपोआप चालू. दाजी त्याला झापतात की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात, म्हणून डीपी जळते. यात दाजींचं शंभर टक्के खरं आहे. भाऊ मान डोलावतो. “पण दादा,” तो म्हणतो, “माझा ऑटो मोटारीला उठवतो. मला न्हाई.”

मायला रोज संध्याकाळी आकाशवाणी परभणी लागते. मिडियम वेव्ह, सेलवरचा जुना ट्रान्झिस्टर. घर स्मार्ट झालं आणि रेडिओत नुसती खरखर यायला लागली. एलईडी दिवे, चार्जर, अडॅप्टर, सगळ्यांची किरकिर मिडियम वेव्हवर येते. दाजींनी एकेकाला फिल्टर बसवून बघितले, फेराइटचे मणी ओवले. माय दोन दिवस थांबली. तिसऱ्या दिवशी भिंत धरत धरत ओसरीत गेली आणि मेन स्विच खाली ओढला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी हे असंच. मी गेलो होतो तेव्हाही घरात अंधार होता, आक्कानं कंदील लावला होता आणि रेडिओ स्वच्छ बोलत होता. कितीतरी वेळ कुणी काही बोललं नाही. मग कोपऱ्यातून दाजींचा आवाज आला.

“पाव्हणं, मोनो आहे पण हे.”