ऐंशी सेंटचे कौशल्य

युरोपीय संघाबाहेरील उच्चशिक्षित व्यक्तीला संघातील एखाद्या देशात नोकरी आणि वास्तव्य या दोहोंची परवानगी एकाच दस्तऐवजाने देणाऱ्या योजनेस ‘ब्ल्यू कार्ड’ म्हणतात. ही योजना २००९ च्या निर्देशाने अस्तित्वात आली, जर्मनीने ती २०१२ मध्ये लागू केली आणि २०२१ च्या सुधारित निर्देशाने तिच्या अटी बऱ्याच सैल झाल्या. डेन्मार्क व आयर्लंड मात्र तिच्याबाहेरच राहिले. पुढील संवाद इंदूरच्या राजेंद्र नगरातील एका ओसरीवर घडतो. त्यातील अर्जदार जर्मनीच्या कार्डासाठी अर्ज करणारा संगणक अभियंता असून, अर्ज भरता भरता तो स्वतःचा उल्लेख तृतीयपुरुषात करू लागला आहे. निवृत्त लेखापरीक्षकास ती सवय ग्वाल्हेरच्या महालेखाकार कार्यालयापासूनच आहे.

लेखापरीक्षक : किमान पगाराची अट किती?

अर्जदार : काका, २०२५ साली सर्वसाधारण व्यवसायांसाठी वर्षाला ४८,३०० युरो होती, ज्या व्यवसायांत माणसांची टंचाई आहे त्यांच्यासाठी आणि नुकतीच पदवी घेतलेल्यांसाठी ४३,७५९ युरो ८० सेंट. अर्जदार टंचाईत मोडतो.

लेखापरीक्षक : थांब. हे ८० सेंट कुठून आले?

अर्जदार : तिकडे पेन्शन विम्याची वर्गणी उत्पन्नाच्या एका ठरावीक रकमेपर्यंतच कापतात. ती कमाल रक्कम २०२५ मध्ये ९६,६०० युरो होती. तिचे ५० टक्के ही सर्वसाधारण अट, आणि ४५.३ टक्के ही टंचाईची.

(लेखापरीक्षक वर्तमानपत्राच्या समासात गुणाकार करतो. येथे पडलेली शांतता दीर्घ असली, तरी ती हरकतीची नसून आनंदाची होती, कारण सबंध सेवाकाळात इतका स्वच्छ ताळा त्याच्या वाट्याला क्वचितच आला होता.)

लेखापरीक्षक : बरोबर आहे. आकडा गोल करण्याचा मोह झाला नाही, यावरून त्या राज्याविषयी आदर वाटतो. पण पगार ४३,७५९ युरो ७९ सेंट असेल तर?

अर्जदार : तर तो माणूस या कार्डापुरता उच्चकुशल ठरत नाही.

लेखापरीक्षक : आणि पुढच्या वर्षी?

अर्जदार : २०२६ साठी तीच अट ४५,९३४ युरो २० सेंट झाली.

लेखापरीक्षक : म्हणजे डोके तेच, काम तेच, आणि पहिल्या जानेवारीला कौशल्य दोन हजार युरोंनी कमी पडले. ठीक आहे. पदवीचे काय?

अर्जदार : परदेशी विद्यापीठांची ‘अनाबिन’ नावाची एक सरकारी नोंदवही आहे. तीत संस्थेपुढे ‘एच प्लस’ असले की संस्था मान्य, ‘एच मायनस’ असले की अमान्य, आणि दोन्ही चिन्हे असली की पदवी पाहून निर्णय. शिवाय त्या संस्थेची पदवी जर्मन पदवीशी समकक्ष आहे की नाही, हे वेगळे पाहावे लागते.

लेखापरीक्षक : म्हणजे घराणे चांगले असले तरी पत्रिका जुळलीच पाहिजे. मग कायमचे राहता केव्हा येते?

अर्जदार : कार्डधारकाने २७ महिने नोकरी करून पेन्शनची वर्गणी भरली आणि जर्मन भाषेची ए-१, म्हणजे अगदी प्राथमिक पातळी गाठली, की कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. त्याहून दोन पायऱ्या वरची बी-१ गाठली, तर २१ महिनेच पुरतात.

लेखापरीक्षक : व्याकरणाबद्दल सहा महिन्यांची सूट! ही तरतूद योग्यच म्हटली पाहिजे. माणूस जिथे राहतो तिथली भाषा त्याला आलीच पाहिजे.

अर्जदार : काका, आपली मराठी घराणी इंदुरात आली तीही कुशल मनुष्यबळ म्हणूनच ना?

लेखापरीक्षक : अर्थात. इथल्या राज्यकर्त्या होळकरांना फडणिशीला आणि हिशेबाला माणसे हवी होती. दख्खनेतून माणसे आली, मंदसौरच्या तहानंतर १८१८ मध्ये राजधानीही इंदूरला आली, आणि माणसांची गरज आणखी वाढली.

अर्जदार : मग एवढ्या पिढ्यांत इथल्या मालवी बोलीची ए-१ किती जणांनी दिली?

लेखापरीक्षक : मालवी समजते.

अर्जदार : बोलता येते?

लेखापरीक्षक : परीक्षा कोणी घेतलीच नाही! दरबारचे कागद मोडी लिपीत, कारकून आपले, आणि परीक्षा घ्यायची तर परीक्षकही आपलाच असता. (विषय बदलत) नोकरी मध्येच सोडली तर?

अर्जदार : पहिल्या वर्षात नोकरी बदलायची तर परदेशी नागरिकांच्या कचेरीला कळवावे लागते, आणि कचेरी तो बदल ३० दिवस रोखून धरू शकते. नंतर मोकळीक.

लेखापरीक्षक : मग सर टी. माधवरावांना काहीच अडचण आली नसती. त्रावणकोरचे दिवाणपद सोडून ते १८७३ मध्ये इंदूरचे दिवाण झाले आणि १८७५ मध्ये बडोद्याचे. मूळ तंजावरकडचे मराठी घराणे, आणि नोकऱ्या तीन संस्थानांत. आणि जर्मनांचे म्हणशील तर तेही इकडे आलेच आहेत. दुसऱ्या यशवंतराव होळकरांचा माणिकबाग राजवाडा १९३० च्या दशकात बांधला तो बर्लिनच्या वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस याने. त्याची अनाबिन कोणी तपासली होती?

अर्जदार : महाराजांची पसंती, हीच त्याची एच प्लस.

लेखापरीक्षक : आणि आता तिथे केंद्रीय कराचे कार्यालय आहे. कलेचे शेवटी महसुलात रूपांतर झाले, याला आक्षेप नाही. बरे, बायकोचे काय?

अर्जदार : ब्ल्यू कार्डधारकाच्या पत्नीला भाषेची परीक्षा न देता सोबत जाता येते आणि नोकरीही करता येते. मार्च २०२४ पासून पहिला परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आईवडिलांनाही बोलावता येते. मात्र त्यांच्या उदरनिर्वाहाची आणि आरोग्यविम्याची हमी द्यावी लागते.

लेखापरीक्षक : तुझ्या वडिलांना इथली पेन्शन आहे. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागेल, मग ते इंदुरात असोत की बर्लिनमध्ये.

अर्जदार : म्हणजे मुलाने पगार दाखवून आपण कुशल असल्याचे सिद्ध करायचे, आणि वडिलांनी आपण जिवंत असल्याचे?

लेखापरीक्षक : हो. त्यातले वडिलांचे काम सोपे. त्याला सेंट लागत नाहीत.