एक्वा ऊर्फ पाणी : मेकअप उतरवण्याचा शास्त्रोक्त विधी

शहापूर तालुक्यातल्या किन्हवली पंचक्रोशीतल्या तमाम नवऱ्या, करवल्या आणि हळदीत डीजेपुढे पहाटेपर्यंत नाचलेल्या काकू-माम्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. मेकअप चढवायला पार्लरवाली असते, चार मैत्रिणी असतात. उतरवताना मात्र माणूस एकटाच असतो. अशा वेळी हाताशी एक बाटली आणि डोकं, दोन्ही हवं.

१. बाटलीची पाठ वाचा. पुढच्या बाजूला 'जेंटल' लिहिलेलं असतं. स्थळ सांगताना 'मुलगा निर्व्यसनी' म्हणतात, तसाच हा शब्द. खरी चौकशी मागच्या बारीक अक्षरांत करायची.

२. यादी लग्नपत्रिकेसारखी वाचा. पत्रिकेत कोणाचं नाव आधी, यावरून भाऊबंदकी पेटते. इथे तो क्रम सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० ने लावून दिला आहे: ज्याचं वजन जास्त, त्याचं नाव आधी. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेल्यांना शेवटी कसंही बसवता येतं. 'फेनॉक्सीइथेनॉल' हे नाव शोधा. बाटलीत बुरशी-जंतू वाढू नयेत म्हणून ते घालतात, लोणच्यात मीठ घालतात तसं, आणि जास्तीत जास्त एक टक्काच चालतं. बाटलीवर अख्खी काकडी छापलेली आणि यादीत काकडी फेनॉक्सीइथेनॉलच्या मागे, असं दिसलं तर समजा, काकडी फक्त फोटोपुरती लग्नाला आली होती.

३. 'परफ्यूम' या शब्दापाशी थांबा. पत्रिकेतल्या 'समस्त आप्तेष्ट व मित्रपरिवार' या ओळीसारखा हा शब्द. आत कितीजण आहेत, कुणालाच ठाऊक नसतं. ज्यांच्या कातडीला लगेच खाज सुटते, त्यांनी हा शब्द नसलेली बाटली घ्यावी. कोणतीही बाटली आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहावी. स्थळ पाहतानाही एवढा धीर धरतातच की.

४. मध्यस्थ ओळखा. तेल आणि पाणी यांची सोयरीक जमत नाही. म्हणून मेकअप उतरवायच्या बाटलीतल्या पाण्यात, म्हणजे मायसेलर वॉटरमध्ये, मध्यस्थ असतात. त्यांचं एक टोक पाण्याशी गोड बोलतं, दुसरं तेलाशी. ते गोल रिंगण करतात, शेपट्या आत, डोकी बाहेर, आणि लालीचा तेलकट थर मधे पकडून नेतात. त्यातलाच एक 'डायसोडियम कोकोअँफोडायअसिटेट'. घाबरू नका. नावातला 'कोको' म्हणजे आपला नारळ. सासरी जाऊन नाव बदललं, इतकंच.

५. काजळाशी भांडू नका. वॉटरप्रूफ काजळात मेण आणि तेलं असतात, ते पाण्याला भीक घालत नाही. त्याला तेलच लागतं. दोन थरांची बाटली असेल तर वरचं तेल आणि खालचं पाणी हलवून एक करा. कापूस मिटल्या पापणीवर ठेवून दहा आकडे मोजा, मग अलगद खाली ओढा. घासलंत तर म्हशाच्या जत्रेतल्या गुरांच्या बाजारात रात्र काढल्यासारखे डोळे होतील. बाटली नसेल तर खोबरेल आहेच. नाटकातल्या राजांचे रंग त्यानेच उतरत आले.

६. शेवटी चेहरा धुवा. बाटली म्हणते, धुवायची गरज नाही. पण काम झाल्यावर मध्यस्थाला घरी पाठवलेलं बरं, चेहऱ्यावर मुक्कामाला राहिला तर कातडी कोरडी पडते. अर्थात, धुवायला पाणी हवं.

इथे यादीतलं पहिलं नाव पुन्हा वाचा: 'एक्वा'. लॅटिनमध्ये पाणी. बाटलीत सगळ्यात जास्त तेच. आपल्या शहापूर तालुक्यातलं तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी देतंय, पुढे मोडकसागर आलं, भातसा आलं, आणि मे महिन्यात लग्नाच्या मांडवामागे आपल्याच पाड्यांवर टँकर उभा राहतो. पाणी इथून नळाने जातं आणि लॅटिन नाव लावून बाटलीतून परत येतं.

विशेष सूचना : रिकामी बाटली फेकू नका. टँकर आला की हंड्यांच्या रांगेत तीही लावा. आत काय भरायचं, ते तिच्या पाठीवर लिहिलेलंच आहे.