फुलपाखराचे छायाचित्र काढणे : साहित्य, कृती व अनुमान

फुलपाखरू हा सहा पायांचा, चार पंखांचा आणि छायाचित्रकाराविषयी संपूर्ण उदासीन असलेला कीटक आहे. भारतात त्याच्या १३०० हून अधिक जाती सापडतात. त्यांपैकी एकीलाही कॅमेऱ्यासमोर थांबण्याची उसंत नसते. प्रौढ फुलपाखराचे आयुष्य बहुधा काही आठवड्यांचे. तेवढ्यात त्याला पोट भरणे, जोडीदार शोधणे आणि नेमक्या झाडावर अंडी घालणे ही कामे उरकायची असतात. छायाचित्रकाराला मात्र फक्त शनिवार-रविवार मोकळा असतो. या दोन वेळापत्रकांचा मेळ घालण्याच्या शास्त्राला फुलपाखरांचे छायाचित्रण म्हणतात. पुढील मार्गदर्शनात सिंधुदुर्गातील आंबोली घाट आणि त्याच्या पायथ्याची गावे गृहीत धरली आहेत. इतर जिल्ह्यांतील अभ्यासकांनी पाऊस बेताने कमी करून घ्यावा.

साहित्य

कॅमेरा, मॅक्रो लेन्स, ट्रायपॉड, जादा बॅटरी, छत्री, जळवांसाठी मीठ आणि गुडघे. यांतील गुडघे सोडून बाकी सर्व वस्तू बाजारात बदलून मिळतात.

मॅक्रो लेन्सने लहान वस्तू जवळून टिपता येते. १०० मिलिमीटरच्या लेन्सला कीटक पुरेपूर मोठा दिसण्यासाठी साधारण एक फुटावर जावे लागते. इतक्या जवळ गेल्यावर चित्रातला स्पष्ट भाग जाडीने जेमतेम एक-दोन मिलिमीटर उरतो. म्हणजे डोळा स्पष्ट आला तर पंख धूसर, पंख स्पष्ट आले तर डोळा धूसर, आणि श्वास घेतला तर दोन्ही. लेन्स घेतल्यावर घरच्यांना तिची किंमत सांगू नये, वजन सांगावे.

पोशाखात लष्करी छापाचे जाकीट लोकप्रिय आहे. फुलपाखराच्या संयुक्त डोळ्यांना रंग उत्तम दिसतात, माणसाला न दिसणारे अतिनील किरणही दिसतात; पण त्याला पळवून लावते ती हालचाल. त्यामुळे हिरवे-तपकिरी जाकीट घालून झुडपातून धडधडत जाणारा मनुष्य फुलपाखराला लांबूनच कळतो. जाकिटाचा परिणाम होतो तो गावावर. वाडीतली मुले पोलीस भरती कुठे आहे ते विचारतात.

ट्रायपॉड जपून उघडावा. महामार्गाच्या रुंदीकरणानंतर कोकणात तीन पायांच्या कोणत्याही वस्तूकडे लोक संशयाने पाहतात. ट्रायपॉड उभा राहिल्यापासून थोड्याच वेळात ‘मोजणी आली काय?’ असा प्रश्न येतो. ‘फुलपाखरांचे फोटो काढतोय’ या खऱ्या उत्तरावर कोणी विश्वास ठेवत नाही आणि संध्याकाळपर्यंत कुणाचा किती गुंठा जाणार याची चर्चा सुरू होते.

वेळ

पावसाळा ओसरल्यापासून नोव्हेंबरपर्यंतचा काळ उत्तम. पावसाने झाडांना कोवळी पालवी फुटते, तिच्यावर अळ्या पोसतात आणि त्यांची फुलपाखरे होतात. दिवसातली वेळ सकाळची. फुलपाखराच्या शरीराला स्वतःची ऊब टिकवता येत नाही; ऊन अंगावर घेऊन ते पुरेसे तापले की मगच नीट उडते. म्हणून ऊन वर येता येता ते पंख पसरून पानावर स्वस्थ बसते. छायाचित्रासाठी याहून सोयीची स्थिती नाही.

या वेळी छायाचित्रकारांच्या गटातील सर्व सदस्य मिसळ खात असतात. दुसरी तर्री आणि शेवटचा चहा होऊन मंडळी रानात पोहोचतात, तेव्हा फुलपाखरू पूर्ण तापलेले असते. ढगाळ दिवशी ते उडत नाही, पानाखाली गप्प बसून राहते; त्या दिवशी मंडळी प्रकाश नाही म्हणून लवकर परततात.

जागा

फुलपाखरू फुलांवर सापडते, ही समजूत बालभारतीच्या चित्रांमुळे दृढ झालेली आहे. ती अर्धीच खरी आहे. उरलेल्या अर्ध्या भागाचा विचार येथे स्पष्टपणे करणे भाग आहे.

फुलातल्या मधात साखर असते, क्षार फारसे नसतात. ते मिळवण्यासाठी फुलपाखरे, बहुतांशी नर, ओढ्याकाठच्या ओल्या मातीवर जमून सोंडेने पाणी शोषतात. यास चिखलपान म्हणतात. नराने मिळवलेले क्षार मीलनाच्या वेळी मादीकडे जातात आणि अंड्यांच्या कामी येतात. जनावराने जेथे नुकतेच मूत्र केले असेल तेथे ही सभा विशेष भरते. इंग्रज अभ्यासकांनी ज्यांना राजा आणि नवाब अशी नावे दिली, ती देखणी फुलपाखरे तर फुलांच्या वाटेला सहसा जात नाहीत. त्यांना शेण, विष्ठा, झाडाचा आंबलेला चीक आणि सडका फणस प्रिय असतो. छायाचित्र भिंतीवर लावताना खालची पार्श्वभूमी कापून टाकण्याची प्रथा आहे.

दुसरी खात्रीची जागा म्हणजे अळीचे खाद्यझाड. प्रत्येक जातीची आवड ठरलेली असते आणि मादी पायांनी पान चाचपून, चव घेऊन मगच अंडे घालते. लिंबाळीला लिंबू आणि कढीपत्ता लागतो, बिबळ्या कडव्याला रुई, हळदीकुंकू या फुलपाखराला आंब्यावरचे बांडगूळ. यावरून चाणाक्ष वाचकाच्या लक्षात येईल की, यांतील बहुतेक झाडे परसात असतात. घाटात दोन दिवस पायपीट करून परतलेल्या गटाला पायथ्याच्या गावात एखादी आजी विचारतेच, ‘फुलपाखरां? ती आमच्या परड्यात लिंबार असतत.’ अशा माहितीची नोंद घेऊ नये, प्रवासखर्चाचे समर्थन करणे कठीण जाते. आंबोलीच्या पायथ्याचे पारपोली हे गाव फुलपाखरांसाठी ओळखले जाते. तेथील रहिवाशांनी याकरिता लष्करी छापाचे जाकीट घेतल्याचे ऐकिवात नाही.

कृती

१. फुलपाखरू बसलेले पाहावे आणि ‘तो बघ!’ असे ओरडू नये. हे गटातील एकासही जमत नाही.

२. हळूहळू, वाकून, खालच्या बाजूने जवळ जावे. पक्षी वरून झडप घालतो, म्हणून वरून येणाऱ्या सावलीला फुलपाखरू पहिल्यांदा घाबरते. स्वतःची सावली त्याच्यावर पडू देऊ नये. सावली टाळताना छायाचित्रकार हमखास काटेरी बाजूस येतो. तीच योग्य बाजू होय.

३. पंख मिटलेले असतील तर कॅमेरा पंखांना समांतर धरावा, म्हणजे सगळा पंख एकाच अंतरावर येऊन स्पष्ट होतो. छिद्र एफ ८ ते ११ ठेवावे. बसलेल्याला सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो. नीलवंत व त्याचे मोठे भाऊबंद मध पितानाही पंख फडफडवत राहतात; त्यांच्यासाठी हजारावा भाग घ्यावा. नीलवंताला २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू घोषित करण्यात आले. राज्य फुलपाखरू ठरवणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. या पदामुळे त्याच्या थांबण्याच्या वेळेत वाढ झालेली नाही.

४. फोकस डोळ्यावर करावा. मात्र निळ्या कुळातल्या चिमुकल्या फुलपाखरांच्या मागच्या पंखांच्या टोकाला डोळ्यासारखे ठिपके आणि मिशांसारख्या बारीक शेपट्या असतात. बसल्यावर ती मागचे पंख एकमेकांवर घासतात, म्हणजे खोटे डोके हलते. पक्षी तिकडे चोच मारतो आणि शेपटीचा तुकडा घेऊन जातो, फुलपाखरू वाचते. या युक्तीला पक्षी फसतो आणि कॅमेऱ्याचा ऑटोफोकसही.

५. बटण दाबावे. फुलपाखरू उडालेले असेल. निराश न होता तेथेच बसून राहावे. अनेक जातींचे नर आपली हद्द राखतात आणि फेरी मारून त्याच फांदीवर परततात. या पायरीला कोणतेही साहित्य लागत नाही, म्हणून ती सहसा गाळली जाते.

निरीक्षण व ओळख

छायाचित्र काढल्यावर ते कशाचे आहे हे ठरवावे लागते. प्रथम ते फुलपाखरू आहे की पतंग, हे पाहावे. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते. पतंगाच्या मिशा बहुधा पिसांसारख्या किंवा टोकाकडे निमुळत्या असतात. मिशा चित्रात आल्या नसतील तर ‘दुर्मीळ’ असे लिहून पुढे जावे.

त्यानंतर नकलांचा प्रश्न येतो. बिबळ्या कडव्याची अळी रुईचा विषारी चीक पचवते आणि ते विष फुलपाखराच्या अंगात उतरते. एकदा त्याला खाऊन ओकारी झालेला पक्षी पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. याचा लाभ घेण्यासाठी छोट्या चांदव्याच्या बिनविषारी मादीने हुबेहूब तोच नारिंगी पोशाख केलेला असतो. दोघींचे फोटो गटात टाकले असता तिसऱ्या मिनिटास दोन तज्ज्ञांत वाद सुरू होतो आणि अकराव्या मिनिटास त्यांतला एक गट सोडतो. म्हणून पंखांच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत; अनेक जातींची खरी ओळख खालच्या बाजूवर असते.

लिंबाळीची लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. नवशिक्याने पहिल्या दिवशी अळी म्हणून टिपलेल्या विष्ठेचे आणि विष्ठा म्हणून सोडून दिलेल्या अळीचे गणित जुळवू नये. अळी मोठी झाल्यावर हिरवी होते. तिला डिवचले तर डोक्यामागून नारिंगी दुभंगलेले शिंग काढून ती उग्र दर्प सोडते. हा तिचा अभिप्राय समजावा. सह्याद्रीत पंख मिटून हुबेहूब वाळके पान होणारे फुलपाखरूही आहे. त्याला मधली शीरसुद्धा असते. त्याच्या शोधात असलेल्यांच्या संग्रहात वाळक्या पानांची उत्तम छायाचित्रे आढळतात.

इतर वन्यजीव

फुलपाखराच्या शोधात इतर प्राणीही भेटतात. कोकणच्या कातळावर पालथे पडण्यापूर्वी दगडांच्या कपारी पाहाव्यात. फुरसे डिवचले गेले की अंगाचे वेटोळे घासून खरखर आवाज करते. हा आवाज शटरचा नसतो. आंबोलीच्या वाटेवर गवा दिसल्यास मॅक्रो लेन्स निरुपयोगी ठरते. गवा चौकटीत मावत नसेल तर मागे सरावे; गवा स्वतःच पुढे सरत असेल तर चौकटीचा विचार सोडावा.

आंबोलीचा खास टोड २००९ साली शास्त्राला नव्याने माहीत झाला. पावसाळ्यात तो आणि त्याचे बेडूक शेजारी रात्री रस्त्यावर येतात. त्यांचे फोटो काढण्यास आलेल्या गाड्यांच्या चाकांखालीही ते येतात. काजव्यांचे तेच. मे अखेर ते जूनमध्ये सह्याद्रीत नर-मादी एकमेकांना प्रकाशाच्या खुणा करतात; पर्यटक त्यांना विजेरी आणि फ्लॅशने उत्तर देतात. काजव्याला हे उत्तर समजत नाही आणि त्या रात्रीचे मीलन राहून जाते.

अनुमान

वरील कृती अनेकांनी वारंवार करून पाहिली असता असे आढळते की, छायाचित्राची प्रत लेन्सच्या किमतीवर कमी आणि एका जागी बसण्याच्या वेळेवर अधिक अवलंबून असते. चालत जाऊन शोधणाऱ्यास फुलपाखरू दिसते; बसून राहणाऱ्यास ते काय करते आहे, तेही दिसते.

दक्षता

घाई असलेल्यांनी फुलपाखरू पकडून फ्रिजमध्ये गार करून पानावर ठेवण्याची एक रीत शोधली आहे. असा फोटो ओळखू येतो: सर्व काही स्पष्ट असते, फक्त त्या जातीचे फुलपाखरू तसे कधी बसत नाही. अनेक जाती वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचींत आहेत. त्यांना पकडणे गुन्हा आहे. फांदी मोडून पार्श्वभूमी साफ करू नये, त्याच फांदीवर अंडी असतात.

ज्यांना रानात जाणे जमत नाही, त्यांनी कुंडीत कढीपत्ता लावावा, कुंपणाशी उगवलेली रुई उपटू नये आणि लिंबाची पाने कुरतडलेली दिसताच औषधाचा पंप बाहेर काढू नये. पाने पुन्हा फुटतात. अळी मारून टाकल्यावर मात्र वर सांगितलेल्या साहित्यातील एकही वस्तू उपयोगी पडत नाही.