चहाला गाळणं, धुराला नको!

काय हो, पार्किंगमध्ये हल्ली काय कुजबुज चालते, कानावर आलं का? पूर्वी लोक विचारायचे, "गाडी किती देते?" आता डोळा मारून विचारतात, "डिलीट केलंस का?" शिव शिव! पंचवीस लाखांची डिझेल एसयूव्ही घ्यायची, पेढे वाटायचे, बॉनेटवर स्वस्तिक काढायचं आणि वॉरंटी संपली रे संपली की गॅरेज गाठून तिचा डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टरच, उडवायचा! चहाला गाळणं लागतं, धुराला नको?

तऱ्हा तर बघा. ग्राइंडरने डबा चिरायचा, आतली मधाच्या पोळ्यासारखी जाळी उपसायची, पोकळ डबा वेल्डिंग करून होता तिथे बसवायचा. वरून कसा साळसूद! मग लॅपटॉप जोडून ईसीयूची, म्हणजे इंजिनाच्या संगणकाची, समजूत काढायची : बाबा रे, सगळं जागेवर आहे, तू उगाच दिवा लावू नकोस. 2015 मध्ये फोक्सवॅगनचं बिंग फुटलं, जगभरातल्या सुमारे 1 कोटी 10 लाख डिझेल गाड्या सॉफ्टवेअरच्या जोरावर चाचणीपुरतं सोवळं पाळत होत्या, तेव्हा आपण केवढी नाकं मुरडली होती!

तसं फिल्टर उडवणाऱ्यांचंही अगदीच चुकत नाही म्हणा. जाळीतली काजळी जळायला आत 600 अंशांच्या आसपास तापायला हवं, म्हणजे गाडी वीसेक मिनिटं सलग पळायला हवी. सलग? पुण्यात? विद्यापीठ चौकात वीस मिनिटांत तिसरा गिअर पडला तरी नवस फेडावा लागेल!

आणि बाटलेले तरी कोण कोण? आमचे एक साठीचे शेजारी. पहाटे वेताळ टेकडीवर अनुलोम-विलोम, बेडरूममध्ये एअर प्युरिफायर, दारात तुळस. गेल्या महिन्यात तेही गॅरेजात जाऊन आले! "पिकअप बघ," म्हणून सिग्नलला असा काही पाय दाबला, की मागच्या स्कूटरवाल्याचा पांढरा शर्ट थेट राखाडी.

आपण नाही बाई त्यातले! खरंच? मागच्या खेपेला पीयूसी काढताना आपल्या सायलेन्सरात नळी गेली होती का? की नंबरप्लेटचा फोटो निघाला, आकडे छापून आले आणि सुटे पैसे नाहीत म्हणून तेवढी काय ती हुज्जत झाली?

तीही हुज्जत होऊन वर्ष झालं असेल. पीयूसीशिवाय सापडलात तर कायद्यात दंड 10,000 रुपयांपर्यंत आहे. डॅशबोर्डचा खण उघडा आणि तारीख बघा.