सेनापतींनी पेठला यावे

ब्रह्मदेशाच्या सेनापतींची आम्हाला खरोखर कीव येते. 2008च्या मे महिन्यात नर्गिस वादळाने इरावतीच्या मुखाशी लाखाहून अधिक माणसे गिळली. सेनापतींनी परदेशी मदतनिसांचे व्हिसा अडकवून ठेवले. फ्रान्स-अमेरिकेची जहाजे समुद्रात ताटकळली. वादळाला आठवडा होतो न होतो तोच राज्यघटनेवरचे मतदान मात्र बऱ्याच भागांत उरकून घेतले. वर थायलंडहून आलेल्या खोक्यांवर स्वतःची नावे चिकटवली. जगभर छीथू झाली.

हीच कामे सभ्यपणे कशी करतात, ते शिकायला त्यांनी नाशिक जिल्ह्यातल्या पेठला यायला हवे होते.

इथे व्हिसा लागत नाही, प्रस्ताव लागतो. बक्कळ पावसाचा हा तालुका. पावसाळ्यात पाणी दमणगंगेतून गुजरातेत उतरते आणि उन्हाळ्यात बाया विहिरीत उतरतात. टँकर हवा? ग्रामपंचायतीचा ठराव घ्या, पंचायत समितीत द्या, मग संयुक्त पाहणीची वाट बघा. साहेबांनी विहिरीत डोकावल्याशिवाय टंचाई होत नाही. तोवर ती नुसती तहान. 2025च्या एप्रिलमध्ये इथल्याच बोरीची बारी गावच्या बाया विहिरीत उतरताना साऱ्या देशाने पाहिल्या. त्यांचे पाणी कोणी अडवले होते म्हणाल, तर कोणीच नाही! प्रत्येक टेबलावरून कागद पुढेच गेलेला असतो.

आता स्टिकरचे. 2019च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकरांना मोफत धान्य जाहीर झाले. अट एवढीच, की वस्ती दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात हवी. दीड दिवस बुडणाऱ्यांनी आळस केला, दुसरे काय! पुढे धान्याच्या पाकिटांवर मुख्यमंत्री आणि आमदार झळकले. 2022च्या दिवाळीत शंभर रुपयांच्या 'आनंदाच्या शिध्या'त रवा, साखर, चणाडाळ आणि तेल होते. पिशवीवर नेते होते. सेनापतींनी नुसती नावे छापली. आपल्याकडे चेहरा लागतो, तोही हसरा.

एका गोष्टीत मात्र सेनापतींनी सावध राहावे. आपल्याकडे मदत परतही येते. 2024च्या एप्रिलमध्ये, ऐन लोकसभेच्या धामधुमीत, जव्हारच्या आदिवासी बाया सरकारी साड्या आणि पंतप्रधानांचे छायाचित्र असलेल्या पिशव्या घेऊन थेट तहसील कचेरीत गेल्या. रोजगार द्या, शाळा द्या, दवाखाने द्या, असे सांगून त्यांनी सगळे तिथेच परत केले.